छाट

रात्री साडेअकराला अम्मा मांडीवरचं सूप खाली ठेवते
आणि विचारते, "आज तुझी किती छाट?"
मी म्हणते, चौदा.

अशोक चौकामागे तिसऱ्या गल्लीत
आमची खोली एक, कामं दोन.
या भिंतीला भिजवलेली तेंदूची पानं,
त्या भिंतीला माझा लॅपटॉप, बिजागरी तुटलेला,
पाठीला वरवंट्याचा टेकू.
कीबोर्डच्या फटीत तंबाखूची धूळ.
जोरात टाइप केलं की शिंक येते.

अम्माकडे पत्र्याचा फर्मा आहे.
पानावर ठेवायचा, कडेने कात्री फिरवायची;
फर्म्याबाहेरच्या पानाची विडी होत नाही.
माझेही फर्मे आहेत, हाताला लागत नाहीत एवढंच.
इथे आकडा येईल. इथे अक्षरं.
इथे कदाचित काहीच येणार नाही,
चालेल, पण तसं आधी सांगून ठेवायचं.

कारखान्यात म्याकल मास्तर मूठभर विड्या उचलतो,
दोन बोटांत दाबतो,
साठ-सत्तर बाजूला सारतो.
का, ते सांगत नाही.
हजार वळल्या तरी पैसे साडेनऊशेचे,
आणि बाजूला सारलेल्या कुठे जातात
हे एकतीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

माझा चेकर म्हणतो: ओळ बावन्न.
आकडा हवा होता, तू शब्द दिलास.
बस्स, एवढंच.
"पैसे कापतो का?"
नाही अम्मा.
"मग त्याला पगार कोण देतं?"
कुणीच नाही. लोकांनी मिळून लिहिलाय, वाटून टाकलाय.
अम्मा दोरा दातांनी तोडते. पटत नाही तिला.

गल्लीतल्या चाळीस बायकांचा फंड
मोबाइलवर दिसावा म्हणून मी हे लिहितेय.
ऑफिसचा सर्व्हर मात्र दुपारच्या उन्हातल्या कुत्र्यासारखा,
हाक मारली तर एक डोळा उघडतो.
म्हणून मी घरातच एक लुटुपुटूचा सर्व्हर मांडला.
विचारलं की तो लगेच बोलतो, मी शिकवलं तेवढंच.

परवा अम्माने वाकून पाहिलं.
स्क्रीनवर तिचं नाव, पुढे शिल्लक:
एक लाख बारा हजार.
हातातलं पान तसंच राहिलं.
"हे माझे?"

भातुकलीतला भात खाऊन
पोट भरलंय का, असं विचारणाऱ्या पोरीसारखं
मला माझ्याच घरात खाली बघावं लागलं.
नाही अम्मा. खोटे आहेत. तपासण्यापुरते.

बराच वेळ कात्रीचाच आवाज.
मग म्हणाली, "खोटेच लिहायचे तर
जरा मोठा आकडा तरी लिहायचास."

आणि तिनेच मग मला नकार शिकवले.
खिडकी बंद, साहेब जेवायला गेलेत.
यल्लव्वा आणि यल्लम्मा, नाव जुळत नाही.
पुढच्या सोमवारी या.
काहीच न बोलता नुसतं आत निघून जाणं.
मी एकेक नकार लुटुपुटूच्या तोंडी घातला,
आणि प्रत्येकाला माझा प्रोग्राम
न कोसळता, न ओशाळता
काय उत्तर देईल ते लिहीत गेले.
होकारासाठी चार ओळी पुरल्या होत्या.
नकारांना दोन रात्री लागल्या.

त्या लुटुपुटूच्या हत्यारातच एक चूक सापडली.
उशिरा आलेलं उत्तर ते हरवून टाकायचं.
दुरुस्त करून पाठवलं, कुठल्या देशात कोण जाणे.
पहाटे निरोप आला: घेतलं, आभार.
यादीत खाली माझं नाव: श्रीलता गुर्रम, सोलापूर.
अम्माला वाचून दाखवलं.
तिच्या हातून गेलेल्या लाखो विड्यांपैकी
एकीवरही तिचं नाव नव्हतं.
ती म्हणाली, "गावाचं नाव लिहिलंस ते बरं केलंस."

आता सव्वाबारा.
ओळ बावन्न नीट झाली, मग एकशे सहा,
मग तो एक हट्टी शब्द, आकड्याच्या जागी बसलेला.
"किती?"
शून्य, अम्मा.
ती पंचविसाचा कट्टा बांधते, सुपात ठेवते,
दिव्याकडे बघते.
"शून्य कसं होईल," ती म्हणते,
"तुझा चेकर झोपला असेल."